उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमची वहिनी ती पायरी रोज चढते, आणि तिच्याइतकी शहाणी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. तेव्हा म्हणींवर फार विसंबू नये.

गावच्या कोर्टात तिला सगळे 'उलटतपास' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे, आणि मला विचाराल तर आवडतंही. समोरच्या साक्षीदाराला प्रश्नांत गुंतवून त्याचं खोटं त्याच्याच तोंडून काढायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नाही. कुंपण हळूच पुढे सरकवलेला शेजारी असो नाहीतर भाडेकरूच्या खोलीचं पाणी तोडलेला घरमालक असो, ती काळा कोट सावरत उभी राहिली की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. पंचाईत एवढीच, की ती सवय ती घरीही घेऊन येते. 'कांदे ताजे आहेत का?' असं ती कधी विचारणार नाही. ती म्हणणार, "हे कालचे. बरोबर? आणि काल दुपारभर उन्हात होते. बरोबर?" कांदेवाला दोनदा 'हो' म्हणतो आणि मग आपणहून आतल्या पोत्यातले काढून देतो.

ज्या म्हाताऱ्या वकिलाच्या हाताखाली ती शिकली, त्यानं तिला एक नियम घालून दिला होता: ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. तिनं तो दगडावरच्या रेघेसारखा पाळला. माझ्या माहितीप्रमाणे एकदाच मोडला. ते पुढे येईलच.

मी तिची नणंद. दूरच्या एका देशात राहते आणि दातांच्या कवळ्या बनवते. माझा धंदाही तोंडाचाच, फक्त माझ्या हातातली तोंडं गप्प असतात. एका संध्याकाळी दादाचा फोन आला.

"तुझी वहिनी तुझ्याकडे येतेय. वर्षभर. कायद्याचं पुढचं शिक्षण, परदेशी वकिलांसाठी असतो तो अभ्यासक्रम. तुझ्याच शहरात प्रवेश मिळालाय."

"या वयात? दादा, तू काही बोलला नाहीस?"

"बोललो ना. तिनं मलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. शेवटी 'जा' असं मीच म्हणालो, असं आता माझ्या लक्षात येतंय."

नणंदेनं भावजयीकडे चार दिवस राहायला जावं ही जगाची रीत. आमच्याकडे गंगा उलटी वाहिली. दोन बॅगा, काळा कोट आणि उशीएवढं जाड पुस्तक घेऊन वहिनी माझ्या दीड खोलीच्या घरात आली. आल्या आल्या खिडकीशी माझी इस्त्रीची फळी होती तिच्याकडे पाहून म्हणाली, "ही तू फारशी वापरत नाहीस. बरोबर?" संध्याकाळपर्यंत ती फळी तिचं अभ्यासाचं टेबल झाली होती. मला राग आला होता, पण फळी मी खरंच वापरत नव्हते.

त्या जाड पुस्तकाचा लेखकच तिचा प्राध्यापक. त्याच्यासाठीच तर ती आली होती. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेल्या मुलांचे खटले हा त्याचा विषय. आईबापांचं फाटतं, एकजण मूल घेऊन सीमेपलीकडे जातो, आणि मग कुठल्या कोर्टानं काय करायचं यावर दोन्ही देशांचे वकील वर्षानुवर्षं डोकी फोडतात. वहिनीला त्याच्याच हाताखाली प्रबंध लिहायचा होता.

पहिल्या दिवशी प्राध्यापक वर्गात आला आणि वहिनी ताडकन उभी राहिली. न्यायाधीश आत आले की उभं राहायचं, हे तिच्या पायांना ठाऊक. तिच्यामागे आणखी दोन देशांचे वकील उभे राहिले, कारण त्यांचेही पाय तसेच. बाकीचे घाबरून उभे राहिले. प्राध्यापकानं दाराकडे पाहत विचारलं, "आग लागली का कुठे?" तेव्हापासून त्या वर्गाची गाडी रुळावर आली. एक बाई होती तिला प्रत्येक गोष्टीचं कलम लागायचं, चहा घेऊ का विचारलं तरी. एक लंबू होता, कोवळा, वकील होऊन जेमतेम काही वर्षं झालेला, तो बसला तरी उभ्या माणसाएवढा दिसायचा आणि कुणाशी फारसा बोलायचा नाही. मधल्या सुट्टीत सगळे जिन्यावर बसून आपापल्या न्यायाधीशांच्या नकला करायचे. वहिनी त्यात राणी. दर संध्याकाळी त्यातली एकेक नक्कल माझ्या स्वयंपाकघरात व्हायची आणि मी हसून हसून बेजार व्हायचे.

घोडं अडलं ते सेमिनारात. तिथला रिवाज असा, की दर आठवड्याला एकानं आपला निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. त्या प्रश्नांवरूनच प्राध्यापक ठरवायचा, कुणाच्या प्रबंधाला आपण गाइड व्हायचं. वहिनीला वाटलं, हे तर आपलंच मैदान! पहिल्या निबंधाला ती उठली. "तुम्ही दुसऱ्या पानावर असं म्हणता. बरोबर? आणि हा निकाल त्याच्या आधीचा आहे. बरोबर? मग नवव्या पानावरचं विधान टिकत नाही. बरोबर?" निबंध वाचणारी ती कलमवाली बाई प्रत्येकाला 'हो' म्हणत गेली, आणि शेवटी आपण आपलाच निबंध बुडवला हे कळल्यावर रडायला लागली. वहिनी खाली बसली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान होतं. पुढे तिनं खुद्द प्राध्यापकालाही सोडलं नाही. त्याच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या समोर ठेवून, पहिल्यात हे होतं आणि दुसऱ्यात त्याच्या उलट आहे, हे त्याच्याकडून भर वर्गात कबूल करून घेतलं.

तो हसला, म्हणाला, "बरोबर." आणि तास संपल्यावर त्यानं तिला आपल्या खोलीत बोलावलं.

ती घरी आली तेव्हा पायातले बूट तिनं काढले नाहीत, फेकले.

"म्हणतो, तुम्ही इतक्या दिवसांत एकही प्रश्न विचारलेला नाही!"

"तू? अगं, तू तर सतत..."

"तेच मी म्हणाले. तर म्हणे, तुम्ही विधानं करता आणि शेवटी 'बरोबर' लावता. साक्षीदाराला ते चालतं. इथे आपण जे ठाऊक नाही ते शोधायला बसलोय. म्हणे, सत्र संपेपर्यंत एक तरी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. नाहीतर प्रबंधासाठी दुसरा गाइड बघा."

"मग बघ दुसरा. काय बिघडलं?"

"या विषयाला इथे दुसरा नाही." ती खुर्चीवर बसली. "आणि वन्सं, एक प्रश्न विचारण्यात असं काय मोठंय? विचारीन की."

मला ती 'वन्सं' म्हणते तेव्हा एकतर चेष्टा असते नाहीतर तिचं कुठेतरी दुखत असतं. मी म्हटलं, "विचार पाहू. मला विचार. तुला उत्तर ठाऊक नाही असं काहीतरी."

तिनं घसा साफ केला. "आज तुझी बस चुकली. बरो..."

"हा प्रश्न नाही."

"बरं. तुला... तुला भूक लागलीच असेल."

"हाही नाही."

"तुझ्या त्या प्रयोगशाळेतल्या साहेबानं आज परत..." ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. मी आधी हसले. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि माझं हसू मावळलं. भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई माझ्यासमोर बसून एक साधा प्रश्न जुळवू शकत नव्हती. जित्याची खोड म्हणून मी सोडून दिलं असतं, पण हे खोडीपलीकडचं होतं.

त्या संध्याकाळी तिनं मला शिवणवालीची गोष्ट सांगितली.

शिवणवाली तिची अशील. शाळेचे गणवेश शिवते. पायाचं जुनं मशीन, त्याच्या आवाजानं शेजारी कावतात, आणि तिचा मुलगा लहानपणी त्याच आवाजात मशीनखाली झोपायचा. नवऱ्याशी पटत नव्हतं, वेगळी राहत होती. नवरा मुलाला सुट्टीला म्हणून परदेशात घेऊन गेला आणि परत पाठवलाच नाही. हा देश नव्हे, दुसराच. वहिनीनं खटला लढवला. नवऱ्याची साक्ष पडद्यावरून झाली आणि वहिनीनं त्याला अगदी कोपऱ्यात आणला. आईला न सांगता शाळेत नाव घातलं, कबूल. परतीचं तिकीट रद्द केलं, कबूल. तिनं तिथे खाली बसायला हवं होतं.

"नाही बसले," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, आणखी एकच. मी विचारलं, मुलगा आईविषयी काय बोलतो? तो म्हणाला, काही नाही. तो तिचं नावसुद्धा काढत नाही."

न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं निकालपत्रात घेतलं: मुलगा तिथे रमला आहे, आईचं नावही काढत नाही, त्याला आता हलवू नये. अपील वरच्या कोर्टात पडून होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण वहिनीला निकालापेक्षा दुसरंच सलत होतं.

"ती माझ्या पाठीमागच्या बाकावर बसली होती गं. ते वाक्य तिला मी ऐकवलं. माझ्या प्रश्नानं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती इतक्या दूर त्या जाड पुस्तकाच्या मागे का आली, ते मला तेव्हा कळलं, आणि तोंडाला कुलूप का, तेही.

पुढचे आठवडे ती सेमिनारात मूग गिळून बसली. विधानं करायला बंदी आणि प्रश्न निघेना. दिवसा वाचनालयात, संध्याकाळी इस्त्रीच्या फळीवर, वाचन मात्र झपाट्यानं चाललेलं. मी विचारलं तर म्हणायची, "सत्र अजून संपलेलं नाही." आवाज ठणठणीत. मला तिची काळजी वाटायची आणि त्या प्राध्यापकाचा रागही यायचा. चांगली बोलती बाई त्यानं मुकी करून ठेवली होती.

शेवटच्या सेमिनारला घरच्यांना बसायची परवानगी होती. मी कामावरून तशीच गेले, बोटांना कवळीचा गुलाबी रंग लागलेला. लंबूचा निबंध होता. परदेशातल्या कोर्टाचे मुलांविषयीचे निकाल आपल्या कोर्टानं कधी मानावेत, असलं काहीतरी. कलमांमागून कलमं. ती कलमवाली बाई तेवढी खुलली होती. माझ्या डोळ्यांवर झापड आली. शेवटी लंबूनं कागद सारखे केले आणि खाली बघत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. मी या विषयाकडे आलो, कारण मी स्वतःच अशी एक फाईल होतो. मी लहान असताना वडील मला घेऊन दुसऱ्या देशात गेले. आईचा खटला पुढे बरीच वर्षं चालला. बस्स, एवढंच."

प्राध्यापक म्हणाला, "प्रश्न?"

वहिनी उभी राहिली. इतर सगळे बसूनच विचारायचे, पण तिला बसून बोलताच येत नाही. तिनं समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मी तिला कितीतरी वेळा कोर्टात उभी पाहिलीय, तिचे हात कधी कशाला धरत नाहीत.

"तू," ती म्हणाली, आणि थांबली. "तू वडिलांसमोर आईचं नाव काढायचास का?"

शेवटी 'बरोबर' नव्हतं.

लंबूनं तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. "नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

वहिनीचा चेहरा पडला. पण ती खाली बसली नाही.

"नाव काढलं की ते माझ्याशी बोलायचे नाहीत," लंबू पुढे बोलू लागला. "रागावायचे नाहीत हं, नुसते गप्प व्हायचे. त्या देशात मला तेवढंच एक माणूस होतं. म्हणून मी नाव काढणं सोडलं. न्हाणीघरात जायचो, नळ सोडायचो आणि मग म्हणायचो. विसरायला होऊ नये म्हणून. एक बाई आल्या होत्या कोर्टाकडून. त्यांनी मला शाळेचं विचारलं, मित्रांचं विचारलं, जेवणाचं विचारलं. तुला काही विचारायचंय का, असं मात्र कुणी म्हणालं नाही. मला विचारायचं होतं."

"काय?" वहिनी म्हणाली. लागोपाठ दुसरा प्रश्न! तिला कळलंही नसेल.

"आमचं कुत्रं जिवंत आहे का."

वहिनीनं बाकाची कड सोडली. "आभारी आहे," ती म्हणाली. "आणखी प्रश्न नाहीत." आणि बसली. मी डोळे पुसले आणि गुलाबी रंग गालाला लावून घेतला. प्राध्यापकानं तिला तिथे काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा दोन ओळींचा निरोप आला: प्रबंधाचा आराखडा घेऊन या, आणि पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांवरही आपल्याला अजून बोलायचं आहे.

पण त्याआधी, घरी पोचल्या पोचल्या तिनं शिवणवालीला फोन लावला. आधी मशीनचा आवाज आला. मग वहिनी बोलायला लागली तसा तो थांबला. वहिनीनं लंबूची हकीकत सांगितली, नळासकट.

"वकीलताई, म्हणजे माझा पण तसाच..."

"मला ठाऊक नाही," वहिनी म्हणाली. ती तिला खोटी आशा दाखवत नव्हती. "खरंच ठाऊक नाही. वेगळंही असेल. ते त्यालाच विचारायला लागेल. बाप शेजारी नसताना."

"मग विचारा ना, ताई," शिवणवाली म्हणाली. "मी काही मोडून पडत नाही. तेव्हा नाही पडले, आता काय पडते?"

वहिनीनं फोन ठेवला. मग उठून तिनं इस्त्रीच्या फळीवर नवे कागद काढले, आणि तिथून तिची गाडी जी सुटली ती थांबलीच नाही. अशा खटल्यांत मुलाचं म्हणणं न्यायाधीशांनी स्वतः ऐकावं, आईबाप दोघांच्या नजरेआड. आणि त्याला नुसतं विचारू नये, त्यालाही विचारू द्यावं. हा तिचा प्रबंध. प्राध्यापक पानापानाला भांडला, तीही भांडली, आणि लंबूनं कुठल्या देशात काय चालतं याची सगळी कलमं तपासून दिली. निकाल लागला त्या दिवशी दादानं फोनवर विचारलं, "पास झालीस ना?" तर म्हणते, "तुला काय वाटतं?" दादा मला म्हणाला, ही तिकडे जाऊन सुधारली की बिघडली, तेच कळत नाही.

गावी परतल्यावर तिनं अपिलात तोच मुद्दा घेऊन अर्ज दिला, आणि वरच्या कोर्टानं तो मान्य केला. सुनावणीला मी रजा काढून गेले. पुढचं आधीच सांगून टाकते, ताणून धरणं माझ्या स्वभावात नाही: शाळेचं वर्ष संपल्यावर मुलगा आईकडे परत आला. सुट्टीत बापाकडे जातो, आणि ठरल्या दिवशी येतो. पण माझ्या मनात राहिलीय ती त्या दिवसाची सुनावणी.

बंद खोलीत होती. मी बाहेरच्या बाकावर. आतलं बहुतेक मला वहिनीनं नंतर सांगितलं, शेवटचं तेवढं मी स्वतः ऐकलं. आत न्यायाधीशबाई, दोन्ही वकील, आणि पडद्यावर तो मुलगा, तिकडच्या एका खोलीत, सोबत तिथली एक अधिकारी बाई. बापाला तिकडे बाहेर बसवलेलं. शिवणवालीला आत बसू दिलं होतं, पण मुलाला ती दिसणार नाही अशी, कोपऱ्यात, आणि एक शब्द बोलायचा नाही या अटीवर.

"तो काय म्हणेल?" आत जाण्याआधी मी वहिनीला विचारलं होतं.

"मला ठाऊक नाही," असं म्हणून ती कोट सावरत आत गेली.

न्यायाधीशबाईंनी मुलाला शाळेचं विचारलं. बरं आहे. मित्र? आहेत. तिथे आवडतं? हो. आईविषयी काही सांगायचंय? मुलगा गप्प. बाईंनी वाट पाहिली, तो गप्पच. समोरच्या वकिलानं वहिनीकडे पाहून भुवई उडवली म्हणे. मग न्यायाधीशबाईंनी अर्जातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तुला आम्हाला काही विचारायचंय का?"

मुलगा दाराकडे बघायला लागला. अधिकारी बाईंनी त्याला सांगितलं, बाहेर ऐकू जात नाही. तो पडद्याच्या अगदी जवळ आला.

"माझ्या आईचं मशीन," तो म्हणाला, "अजून तसाच आवाज करतं का?"

आणि बंद दाराबाहेर, बाकावर बसल्या जागी, मला शिवणवालीचा आवाज ऐकू आला. अट मोडून, कोर्ट विसरून, सगळ्या ताकदीनं.

"करतं रे, बाळा! करतं!"

न्यायाधीशबाईंनी तिला गप्प केलं नाही. आणि समोरचा वकील हरकत घ्यायला उठला, तर वहिनीनं म्हणे त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो खाली बसला.